रॉडच्या इपॉक्सी फिनिशसाठी कप निवडताना आधी तळ पाहावा

साताऱ्याच्या एका मित्रांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते गेल्या वर्षापासून घरीच फिशिंग रॉड बांधतात आणि कन्हेर धरणाच्या पाण्यावर वापरतात. रॉडवर दोरी ज्यांतून जाते त्या कड्या, म्हणजे गाईड, धागा गुंडाळून बसवतात आणि त्या धाग्यावर इपॉक्सीचा पारदर्शक थर देतात, त्यालाच फिनिश म्हणतात. पावसाळ्यात बांधलेल्या एका 7 फुटी रॉडवर 8 पैकी 6 गाईडवरचे फिनिश काचेसारखे घट्ट झाले, पण शेवटी हात फिरवलेल्या 2 गाईडवरचे फिनिश आठ दिवस उलटले तरी बोटाला चिकटते आहे. दुसऱ्या एका रॉडवर धाग्याच्या मधोमध गोल खड्डे पडले. दोन्ही वेळा त्यांनी इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या लहान कपात, कपावरच्या रेषा पाहून, समान मोजले आणि त्याच कपात ढवळले. आता सिलिकॉनचे महागडे कप मागवावेत की चहाचे कागदी कप चालतील, असे त्यांनी विचारले आहे.

मी सांगलीत अनेक वर्षे रॉड बांधतो आणि दुरुस्त करतो, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या चिकट फिनिशच्या रॉडपैकी बहुतेकांचे कारण शेवटी कपाच्या तळाशी सापडते. म्हणून माझे उत्तर आधीच सांगतो: कप कशाचा आहे हा दुसरा प्रश्न आहे, त्याचा तळ कसा आहे हा पहिला. तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तुमची काडी पोहोचत नसेल, तर महागातला कपही तुमचा रॉड बिघडवील, आणि पोहोचत असेल तर स्वयंपाकघरातली स्टीलची वाटीसुद्धा उत्तम काम देईल.

यासाठी आधी एक शब्द नीट करून घ्यावा लागेल. आपण सगळेच फिनिश 'वाळले' असे म्हणतो, पण इपॉक्सी वाळत नाही. मिरजेत तंबोऱ्याला चपड्याचे पॉलिश करतात, ते वाळते. त्यातले स्पिरिट उडून जाते आणि चपडा मागे राहतो. त्या पॉलिशला उशीर झाला तर आणखी एक दिवस थांबावे, उन्हात ठेवावे, हा उपाय लागू पडतो. इपॉक्सीतून काहीच उडून जायचे नसते. रेझिनचे रेणू आणि हार्डनरचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन त्यांचे जाळे तयार होते आणि त्यालाच आपण घट्ट होणे म्हणतो. ज्या थेंबातल्या रेझिनला हार्डनर मिळालेच नाही तो थेंब आठ दिवसांनी, आठ महिन्यांनी आणि पुढेही चिकटच राहणार. तुमच्या दोन गाईडवर नेमके तेच झाले आहे.

ते त्याच दोन गाईडवर का झाले, हे पाहण्यासारखे आहे. दोष हवेतल्या दमटपणाचा असता, तर आठही गाईडवर कमीअधिक पांढुरका किंवा तेलकट थर दिसला असता, कारण हवा आठांनाही सारखीच लागली. मोजमाप पूर्ण चुकले असते, तरीही आठही गाईड मऊ राहिले असते. तुमचे पहिले सहा गाईड उत्तम घट्ट झाले, याचा अर्थ कपाच्या मध्यभागातले मिश्रण जवळजवळ बरोबर होते. शेवटी कपातला माल संपत आला, तेव्हा तुम्ही ब्रशने कडा आणि कोपरे खरवडून उरलेले फिनिश शेवटच्या दोन गाईडवर लावले असणार. त्या कोपऱ्यात काडी कधी पोहोचलीच नव्हती, आणि तिथे बसलेले बरेचसे कोरे रेझिन ब्रशवर आले. हे मी अंदाजाने सांगत असलो तरी हा अंदाज फार क्वचित चुकतो.

आता आकड्यांत पाहू. आठ गाईडच्या साध्या स्पिनिंग रॉडला एका थरासाठी 3 मिली रेझिन आणि 3 मिली हार्डनर असे 6 मिली मिश्रण पुरेसे होते. त्यातले फक्त 0.3 मिली रेझिन, म्हणजे सहा-सात थेंब, कोपऱ्यात अडकले, तर उरलेल्या मालात रेझिन 2.7 आणि हार्डनर 3 असे प्रमाण झाले. तुम्ही सिरिंजवर अगदी काटेकोर मोजले असले, तरी कपाने ते माप परस्पर दहा टक्क्यांनी बदलले. एक लिटर इपॉक्सी ढवळणाऱ्या फरशीवाल्याला सहा-सात थेंबांचा काहीच फरक पडत नाही. आपले काम इतक्या थोड्या मालाचे आहे की आपल्याकडे कप हे नुसते भांडे राहत नाही, ते मापाचाच एक भाग होते. त्याच कारणाने 2 मिली अधिक 2 मिली यापेक्षा कमी मिश्रण करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. माल वाचविण्याच्या नादात 1 मिली अधिक 1 मिली घेतले आणि 0.1 मिलीची चूक झाली, तर ती दहा टक्क्यांची चूक होते. 3 मिलीवर तीच चूक साडेतीन टक्क्यांच्या आत राहते.

तुमच्याकडचा औषधाचा कप हातात घ्या, रिकामा करून खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि आतून तळाकडे पाहा. अशा बहुतेक कपांचा तळ सपाट नसतो. मधला भाग किंचित वर आलेला असतो आणि त्याच्याभोवती भिंतीला लागून एक बारीक खाच गोल फिरलेली असते. काही कपांत एकात एक अडकू नयेत म्हणून तळाजवळ एक पायरीही काढलेली असते. औषध पातळ असते आणि पिऊन टाकायचे असते, त्यामुळे औषधाला या खाचेचा काही त्रास नाही. आपले रेझिन मधासारखे जाड असते. ते प्रथम ओतले की तडक त्या खाचेत जाऊन बसते, वरून हार्डनर येते आणि गोल काडी मधल्या उंचवट्यावरून फिरत राहते. वरचे मिश्रण स्वच्छ, एकजीव दिसते आणि खाचेतले रेझिन तसेच राहते. करंगळीचे नख आत घालून तळ आणि भिंतीच्या सांध्यावरून फिरवून पाहा. नख कुठे अडकले किंवा खाली उतरले, तर तो कप फिनिशसाठी घेऊ नये. नख सांध्यावरून भिंतीवर सहज चढले, म्हणजे कोपरा गोलाईचा असला, तर तो कप कामाचा.

याहून पक्की परीक्षा हवी असेल तर ती इपॉक्सी वाया न घालवता करता येते. तुमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरचा मध आहे आणि कऱ्हाडकडच्या गुऱ्हाळांची काकवी आहे. कपात आधी 3 मिली काकवी घाला, वरून 3 मिली फिकट रंगाचा मध घाला आणि तुम्ही फिनिश जसे ढवळता तसेच, त्याच काडीने, तितकाच वेळ ढवळा. मग कप उचलून खालून पाहा. तळाच्या कडेला गडद तपकिरी कडे दिसले, तर तुमचे रेझिन रोज कुठे राहते ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे करायला लावतो, कारण फिनिशचे दोन्ही भाग जवळजवळ रंगहीन असतात आणि न मिसळलेला कोपरा त्यांत दिसत नाही.

आता वेगवेगळ्या कपांविषयी. कपाच्या बुडाशी त्रिकोणात 5 हा आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, 6 असेल तर पॉलिस्टायरीनचा. पॉलिप्रॉपिलीन किंचित दुधी आणि लवचिक असते, त्याला इपॉक्सी धरत नाही, आणि उरलेले फिनिश घट्ट झाल्यावर कप दाबला की टिकलीसारखे सुटून बाहेर येते. म्हणून तोच कप पुन्हापुन्हा वापरता येतो. पॉलिस्टायरीन काचेसारखे पारदर्शक, कडक आणि दाबले की कडकन तडकणारे. नुसते फिनिश त्याचे लगेच काही बिघडवत नाही, पण तुम्ही त्यात थिनर किंवा अ‍ॅसिटोनचे काही थेंब घातले, किंवा कप त्याने पुसला, तर आतला पृष्ठभाग विरघळून मिश्रणात उतरतो. सवय म्हणून मी 6 आकड्याचा कप बाकावर येऊच देत नाही. देशभर 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून टाकण्याच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर बंदी आली आणि चहाच्या टपऱ्यांवरचे ते पातळ पेले गेले. आपल्या कामाचे त्यात काहीही नुकसान झाले नाही. पॉलिप्रॉपिलीनचे मापाचे कप सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतात. मिरजेत दवाखाने जितके, तितकीच ही दुकाने, त्यामुळे मला तळ पाहून निवड करायला वाव मिळतो. साताऱ्यातही मोठ्या औषधविक्रेत्याकडे दोन-तीन प्रकार पाहायला मिळतील. दुकानदाराला एकेक नमुना मागा आणि नख फिरवूनच शेकडा घ्या.

चहाचा कागदी कप चालेल का, याचे उत्तर 'फिनिशसाठी नको' असे आहे, पण त्याचे जे कारण सर्वत्र सांगितले जाते ते मला पूर्ण पटत नाही. कागदी कपाला मेण असते आणि ते मेण फिनिशमध्ये उतरते, असे म्हणतात. मेणाचा कप असेल तर ते खरेच आहे, पण आज टपरीवर मिळणाऱ्या गरम चहाच्या कपाला आतून मेण नसते, प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. मेण असते तर गरम चहाने ते वितळलेच असते. खरी अडचण त्याच्या बांधणीची आहे. भिंतीचा कागद जिथे एकावर एक चिकटवला आहे तिथे एक उभी कड आतल्या बाजूला उघडी असते, आणि तळाची चकती भिंतीत दुमडून बसवलेली असल्याने सांध्यात चारही बाजूंनी बारीक फट राहते. रेझिन दोन्ही ठिकाणी शिरते. शिवाय धातूच्या काडीने तळ घासला की पापुद्र्याचे कण सुटतात आणि ते धाग्यावर धुळीसारखे दिसतात. हँडल किंवा रील सीट (रॉडवर रीळ बसवण्याची जागा) चिकटवण्याचे इपॉक्सी कागदी कपात कालवायला हरकत नाही, तिथे चमक आणि पारदर्शकता यांचा प्रश्न नसतो.

सिलिकॉनच्या कपाचा आकार चांगला असतो, कोपरे गोल असतात, आणि घट्ट झालेला थर सालीसारखा निघतो. अनेक कारागीर तो वर्षानुवर्षे वापरतात आणि त्यांना त्रास होत नाही, हे मी मान्य करतो. तरीही फिनिशसाठी मी तो घेत नाही, कारण फिनिशवर खड्डे पाडणारा सर्वांत मोठा शत्रू सिलिकॉनचे तेलच आहे, आणि नव्या कपाच्या पृष्ठभागावर असे तेल राहिले आहे की नाही हे मला नजरेने ओळखता येत नाही. तुमच्याकडे असा कप असेलच तर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने दोनतीनदा धुऊन, पूर्ण कोरडा करून, आधी टाकाऊ तुकड्यावर वापरून पाहा. हा त्रास टाळायचा असेल तर महागाचा कप मागवूच नये.

स्टीलच्या वाटीचा उल्लेख मी वर केला, तो सहज केलेला नाही. आपल्या घरातली लहान, गोल बुडाची वाटी पाहा: तिला कोपराच नाही, तळच वळत वळत भिंत होतो, आणि चमच्याच्या टोकाने किंवा गोलसर पट्टीने तिचा प्रत्येक भाग खरवडता येतो. स्टील मिश्रणातली उष्णताही थोडी ओढून घेते, त्यामुळे उन्हाळ्यात काम करायला दोनचार मिनिटे जास्त मिळतात. तिचा एकच तोटा, की तिला इपॉक्सी धरते. म्हणून काम संपताच, माल ओला असतानाच, आधी कागदाने आणि मग थिनरच्या बोळ्याने ती पुसून काढावी लागते. अशी वाटी एकदा या कामाला घेतली की ती पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. माझ्या दोन वाट्यांच्या बुडाला लाल रंगाचा ठळक पट्टा आहे आणि त्या कुलपात असतात. काचेचे लहान, जाड बुडाचे पेलेही याच पद्धतीने वापरता येतात; मात्र त्यांचा तळ बहुधा काटकोनी असतो, तेव्हा नख फिरवूनच घ्यावेत. मातीची पणती किंवा कुल्हड कधीही नको, ते माल पितात.

आता तुमच्या दुसऱ्या रॉडवरच्या खड्ड्यांकडे येतो. रंगारी ज्याला फिश-आय म्हणतात तो हा दोष. थर जिथून मागे सरकतो तिथे गोल, स्वच्छ कडांचा खळगा दिसतो आणि तळाशी धागा उघडा पडतो. न मिसळल्याने असे होत नाही. तेलाचा, बहुधा सिलिकॉनचा, सूक्ष्म अंश आला की होते. साच्यातून माल सुटावा म्हणून काही कारखान्यांत साच्याला सिलिकॉनचा फवारा मारतात आणि तो कपाला लागून येतो, ही शक्यता आहेच. पण तुम्ही कप बदलला आणि औषधाच्या दुकानातली साधी सिरिंज आणली, तर दोष तसाच राहू शकतो, कारण काळ्या रबराचा दट्ट्या असलेल्या सिरिंजच्या नळीला आतून सिलिकॉनचे तेल लावलेलेच असते. त्याशिवाय रबर नळीत सरकणार नाही. यावर उपाय म्हणजे रबर नसलेली, दट्ट्यासह सगळी प्लास्टिकची, दोन भागांची सिरिंज. ती मागून घ्यावी लागते, पण मिळते. रेझिनची आणि हार्डनरची सिरिंज कायमची वेगळी ठेवावी. मी दट्ट्याच्या टोकाला एकीवर निळा आणि दुसरीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो.

या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तिचे मूळ शोधायला मला पूर्ण महिना लागला. एका पावसाळ्यात हरिपूरच्या एका गिऱ्हाइकाच्या मरळीच्या रॉडवर सलग तीन वेळा खड्डे पडले. संगमावर पाणी उतरले की त्यांना तो रॉड हवा होता. मी ब्लँकला, म्हणजे रॉडच्या कोऱ्या काठीला, दोष दिला, धागा बदलला, फिनिशची नवी बाटली फोडली, आणि तिन्ही वेळा वरचा थर कापून पुन्हा पहिल्यापासून धागा गुंडाळला. कप नेहमीचेच होते, तळ उत्तम होता. शेवटी लक्षात आले, की पावसात धूळ-बुरशी बसू नये म्हणून मी कप वापरण्यापूर्वी एका मऊ फडक्याने पुसत होतो आणि तेच फडके घरातल्या कोणीतरी गाडीचा डॅशबोर्ड चमकवायला वापरले होते. त्या चमक आणणाऱ्या द्रवात सिलिकॉन असते. फडके टाकून दिले, कपांची ती थप्पी टाकून दिली आणि खड्डे थांबले. तेव्हापासून कप मी पुसत नाही. नवी पिशवी आणली की कप तोंड खाली करून झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि हाताने आतून शिवत नाही. अल्कोहोलने पुसले की झाले, असे अनेकजण सांगतात. बोटाचा तेलकटपणा त्याने जातो, पण सिलिकॉन अल्कोहोलने नीट निघत नाही, ते नुसते पसरते; आणि अल्कोहोल पूर्ण उडण्यापूर्वी फिनिश ओतले तर तो आणखी एक दोष. ज्या कपाचा संशय येईल तो धुवत बसू नये, बदलावा.

संशयाची खात्री करायची असेल, तर एक मिश्रण संशयित कपात आणि दुसरे खात्रीच्या भांड्यात करा, दोन्हींचा एकेक पातळ फराटा स्वच्छ काचेवर ओढा आणि पंधरा-वीस मिनिटे पाहा. ही परीक्षा कपाच्या भिंतीवरच करू नका. पॉलिप्रॉपिलीनवर चांगले फिनिशसुद्धा आक्रसून थेंब धरते आणि तुम्ही निर्दोष मालाला दोष द्याल.

कपाची रुंदी हा विषय सांगली-साताऱ्याच्या हवेत विशेष महत्त्वाचा आहे. रेझिन आणि हार्डनर जोडले जाताना उष्णता बाहेर पडते, आणि माल जितका खोल साचलेला तितकी ती आतच कोंडून क्रिया आणखी वेगाने होते. तापमान 10 अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, असे ढोबळ गणित धरावे. 6 मिली मिश्रण अडीच सेंटिमीटर रुंदीच्या तळावर घेतले तर खोली सुमारे 12 मिलिमीटर होते; 4 सेंटिमीटरच्या तळावर ती 5 मिलिमीटरच्या आत येते, आणि 10 सेंटिमीटरच्या सपाट जागेवर ओतले तर एक मिलिमीटरही उरत नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा अरुंद कपातला माल चौथ्या-पाचव्या गाईडपर्यंत जाड होऊन ब्रशच्या मागे दोऱ्या ओढू लागतो. म्हणून ढवळण्यासाठी 4 सेंटिमीटरच्या आसपास तळ असलेला कप घ्यावा आणि ढवळून होताच माल लगेच ग्रॅनाईटच्या तुकड्यावर ताणून बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर ओतावा. बुडबुडे फुटायला याची मदतही होते, कारण पातळ थरातून ते लवकर वर येतात. याहून फार रुंद कपात ढवळू नये. 6 मिली माल मोठ्या तळावर पसरला की मिसळण्याऐवजी काडीपुढे नुसता ढकलला जातो.

ओतण्याच्या या क्षणी एक पथ्य पाळावे, आणि तुमच्या त्या दोन गाईडचा खरा इलाज हाच आहे. कप उलटा धरून जेवढा माल आपसूक उतरेल तेवढाच घ्यावा. भिंत आणि कोपरे खरवडू नयेत. कपात उरलेला अर्धा मिली माल वाया जातो, त्याची किंमत एका गाईडचा धागा पुन्हा गुंडाळण्याच्या श्रमापुढे काहीच नाही. ज्यांना एवढ्यानेही खात्री वाटत नाही त्यांनी दोन कपांची पद्धत वापरावी: पहिल्या कपात तीन मिनिटे ढवळून, न खरवडता दुसऱ्या स्वच्छ कपात ओतावे आणि दुसऱ्या कोरड्या काडीने आणखी एक मिनिट ढवळावे. पहिल्या कपाच्या भिंतीवर राहिलेले कोरे रेझिन तिथेच राहते. घड्याळ लावून ढवळावे; अंदाजाने मोजलेली तीन मिनिटे बहुधा सव्वा मिनिटाची असतात.

काडी कपाला साजेशी हवी. गोल कोपऱ्याच्या कपाला गोल टोकाची स्टीलची पट्टी उत्तम. आइस्क्रीमची लाकडी काडी कोपऱ्यात छान पोहोचते, पण लाकडाच्या छिद्रांत हवा आणि पावसाळ्यात ओल असते, आणि दोन्ही मिश्रणात उतरतात. मी जुन्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून पट्ट्या कापतो आणि त्यांचे टोक कपाच्या कोपऱ्यात धरून, कात्रीने थोडेथोडे छाटत, अगदी बसेपर्यंत जुळवतो. ढवळताना फेटू नये. पट्टी तळाला टेकलेली ठेवून सावकाश फिरवावी आणि दर दहा-बारा फेऱ्यांनंतर एकदा भिंत खरवडून मध्ये आणावी.

कपावरच्या रेषांनी मोजणे पूर्णपणे सोडून द्या. 30 मिलीच्या कपावर 2.5 किंवा 5 मिलीची रेषा औषधाच्या चमच्याच्या अंदाजाने छापलेली असते, जाड द्रव कडेला वर चढून राहतो आणि तळाचा उंचवटा त्या मापात धरला आहे की नाही हे कळत नाही. विट्याकडच्या सोने-चांदी गाळणाऱ्या गलाई कारागिरांकडे असतो तसा नाजूक काटा तुमच्याकडे असला, तरी तो वापरण्यापूर्वी बाटलीवर प्रमाण आकारमानाचे दिले आहे की वजनाचे, हे वाचा. रेझिन सामान्यतः हार्डनरपेक्षा जड असते, त्यामुळे आकारमानाने समान असलेला माल वजनाने समान घेतला तर हार्डनर जास्त होते.

थंडीत साताऱ्याच्या पहाटेच्या गारठ्यात रेझिनच्या बाटलीत पांढुरके दाणे दिसले, तर बाटली सुमारे 50 अंशांच्या पाण्यात ती पुन्हा स्वच्छ होईपर्यंत ठेवावी, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर मोजावे. थंड स्टीलच्या वाटीत मात्र हिवाळ्यात ढवळू नये. ती रेझिन आणखी जाड करते. त्या दिवसांत प्लास्टिकचा कपच बरा. हार्डनरचा हाताला वारंवार स्पर्श झाला तर कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालूनच कप हाताळावेत.

आता तुमचे ते दोन गाईड. बोट टेकले की ठसा उमटतो पण बोटाला माल लागत नाही, अशी अवस्था असेल तर काही काढू नका. नीट मोजलेला आणि दोन कपांत ढवळलेला एक पातळ थर वर द्या, तो घट्ट झाला की खालचा चिकटपणा झाकला जाईल. बोटाला माल लागत असेल तर वरून थर देऊ नका. धागा कापून, ब्लँक अल्कोहोलने स्वच्छ करून, पुन्हा गुंडाळा. कुठल्याही परिस्थितीत थर घट्ट झाला की नाही हे कपात उरलेल्या मालावरून ठरवू नका, कारण कपातला जाड माल आपल्याच उष्णतेने आधी घट्ट होतो. त्याच ब्रशने एका जाड कार्डावर धाग्याइतका पातळ फराटा ओढून रॉडशेजारी ठेवा, तारीख घाला, आणि दुसऱ्या दिवशी नख त्या कार्डावर लावून पाहा.